रुचिला मोठी होऊ दे

सौंदड,
११ ऑक्टोबर १९९९

प्रिय रीताबाई,

तुझ्या दादांचा आणि माझा आशीर्वाद. जावईबापू हिमांशुरावांना नमस्कार. वहिनी आपणहून पत्र लिहिते म्हणजे काहीतरी मागणं असणार, हे तू पाकीट बघूनच ओळखलं असशील. आहेच मागणं. पण आधी बातमी ऐक.

मे महिन्यापासून आपला गोंदिया जिल्हा भंडाऱ्यापासून वेगळा झाला. लोकांना कलेक्टर जवळ आल्याचा आनंद. मला आनंद याचा की जिल्हा स्पर्धेत भंडाऱ्याच्या पोरी आता वाटेत येणार नाहीत. परवा आमच्या शाळेची सातवीतली एक पोरगी शंभर मीटर पळाली. रेषा ओलांडली तरी थांबेना, थेट सायकल स्टँडपर्यंत गेली. मी ओरडले तर म्हणते, "मॅडम, थांबाचं कुठं ते तुमी सांगतलंच नाही." बाकीच्या पोरी तेव्हा अजून रेषेपर्यंत पोचायच्या होत्या.

तिचं नाव रुचि बिसेन. मूळचे सालेकशाकडचे पोवार लोक, इथे शेत घेऊन राहिले. वडील गुणवंता बिसेन. चार एकर धान आणि जिभेवर मिरची.

तू मला पळताना कधी पाहिलं नाहीस. मी लग्न होऊन तुमच्या घरी आले तेव्हा तू शाळेत होतीस आणि माझं धावणं संपून तीन वर्षं झाली होती. शाळेत असेपर्यंत जिल्ह्यात मला कुणी हरवलं नाही आणि शाळा सुटल्यावर मला कुणी विचारलं नाही. या पोरीचं तसं होऊ द्यायचं नाही. ती मोठी बाई झाल्यावरही धावत असली पाहिजे. मला फक्त एवढंच पाहिजे.

तू तर धावणाऱ्यांच्या देशात जाऊन बसली आहेस, वर दवाखान्यात हाडामासाचे व्यायाम शिकवतेस. तिथे लहान पोरींना काय करायला लावतात ते डोळे उघडे ठेवून बघ आणि लिही. आणि पावसाळ्यात हिला पळवू कुठे? जून ते सप्टेंबर आमच्या मैदानात बेडकं पोहतात.

तुझी वहिनी,
शामकला कापगते


किंग्स्टन, जमैका,
१६ एप्रिल २०००

प्रिय वहिनी,

सहा महिने उत्तर नाही म्हणून शिव्या घातल्या असशील, त्या पोचल्या. पण इथल्या शालेय स्पर्धा आत्ता झाल्या. त्या बघितल्याशिवाय लिहिण्यात अर्थ नव्हता.

काय सांगू तुला! शाळेच्या पोरांच्या शर्यती आणि स्टेडियममध्ये पाय ठेवायला जागा नाही. ढोल, शिट्ट्या, झेंडे. आमच्या दवाखान्यातली सफाईवाली आठवडाभर मला कोणत्या शाळेची कोणती पोरगी कितव्या लेनमध्ये आहे ते सांगत होती. बाजारात भाजीवाल्याला त्याच्या शाळेच्या रिलेसाठी तिसरी धावणारी सापडली नाही म्हणून दुःख. हिमांशु म्हणाला, आपल्याकडे बोर्डाच्या निकालालाही एवढी गर्दी होत नाही. बारा-तेरा वर्षांच्या पोरी अशा पळतात की डोळ्यांत पाणी येतं. तुझी रुचि इथे असती तर तिच्या नावानं बस निघाली असती.

आमच्या शेजारी मिसेस ग्रँट म्हणून एक प्रशिक्षक राहतात. म्हातारी खडूस आहे. मी एवढं कौतुक केलं तर म्हणाली, स्टेडियममधल्या पोरी मोजू नकोस, पाच वर्षांनी त्यातल्या किती पळतात ते मोज. तिच्या लहान मुली गवतावरच पळतात आणि बहुतेक वेळ रिलेच खेळतात.

पावसाळ्यात कुठे पळवू विचारतेस? अगं, आपल्या तलावाची पाळ आहे की! सरळ, उंच, कोरडी. आपण तलाव बांधणाऱ्या कोहळी लोकांनी एवढी पाळ बांधून ठेवली आणि त्यावर फक्त बकऱ्या चालतात. उद्यापासून रुचिला पाळीवर घाल.

दादांना नमस्कार सांग.

तुझी,
रीता


सौंदड,
३ डिसेंबर २०००

रीताबाई,

आधी तोंडात पेढा घाल. राज्य शालेय स्पर्धेत चौदा वर्षांखालच्या गटात रुचि शंभर आणि दोनशे, दोन्हींत पहिली. चारशे मीटरला दुसरी, लांब उडीलाही उतरवली होती, आणि रिलेत शेवटची धावून तिनं पोरींना चौथ्यावरून दुसऱ्यावर आणलं. पेपरात फोटो आला. त्यात माझा अर्धा हात आहे.

तुझी पाळ फळली. जुलैपासून रोज सकाळी आणि संध्याकाळी आम्ही पाळीवर. दोन्ही बाजूंना पाणी आणि धान, मधून ही पोरगी बाणासारखी. दादा तर येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून दाखवतात, "आमच्या पाळीवर तयार होऊन राहिली!" धानाच्या रोवणीच्या दिवसांत तिचे वडील भांडायला आले होते. म्हणाले, "मॅडम, सारं गाव चिखलात वाकलं हाये अन् माही पोट्टी कायले पळून राहिली? कोन मागं लागलं तिच्या?" मी म्हटलं, गुणवंताजी, एक रोवणी मला द्या, मी तुम्हाला पोरगी परत देते तेव्हा सारा जिल्हा तिला ओळखेल. दिली त्यांनी. आता तेच गावभर पेपर दाखवत फिरतात.

नागपूर, अमरावती, रायपूर, जिथे स्पर्धा तिथे आम्ही. तुझ्या मिसेस ग्रँटचं वाचलं मी. ज्यांच्याकडे स्टेडियम भरतं त्यांना तसं बोलणं परवडतं, बाई. इथे पोरगी एक साल जिंकली नाही तर पुढच्या साली चुलीपुढे दिसते.

संध्याकाळी कधी कधी पायाची नळी दुखते म्हणते. मोहाचं तेल चोळायला सांगितलंय. वाढत्या अंगाचं दुखणं, दुसरं काय.

शामकला


किंग्स्टन,
२१ जानेवारी २००१

वहिनी,

पेढा खाल्ला, मनापासून आनंद झाला. आता तेल बाजूला ठेव आणि मी विचारते त्याचं उत्तर दे.

नळीवर बोट दाबलं तर एकाच जागी कळ येते का? सकाळी उठल्याबरोबर दुखतं का? पळून झाल्यावर दुखणं वाढतं की थांबतं? तू स्वतः दाबून बघ, तिला विचारू नकोस. ती जिंकणारी पोरगी आहे, ती "नाही" म्हणेल.

माझ्याकडे एक मुलगी येते. तीन वर्षांपूर्वी तिचं नाव घोषणांमध्ये होतं, भिंतींवर होतं. आज सतरा वर्षांची आहे आणि आमच्या दवाखान्याच्या पायऱ्या कठडा धरून चढते. तिच्या आईनं मला तिचे चषक आणून दाखवले. मी काय बोलणार? गेल्या वर्षी मी तुला ढोल आणि झेंडे लिहून पाठवले, त्याची मला आता लाज वाटते. गर्दी तर कुणालाही दिसते. मिसेस ग्रँट जे सांगत होती तेच पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं.

लगेच लिही. पोस्टात वेळ जातो म्हणून फोनचा नंबर मागे लिहिला आहे.

रीता


सौंदड,
९ सप्टेंबर २००१

रीता,

तुझी वहिनी बोलून नाही राहिली अन् लिहूनही नाही राहिली, म्हणून मी लिहून राहिलो. घाबरू नको, घरी सारे बरे आहेत. तुझ्या पत्रांचं उत्तर तिनं काऊन दिलं नाही ते आता तुले समजंल.

रुचिच्या पायाची नळी चिरली. पोट्टी पावसाळ्यात लंगडत होती तरी रोज पाळीवर जात होती. नागपूरच्या स्पर्धेत दोनशे मीटरच्या वळणावर जी खाली बसली ते उचलूनच आणा लागली. गोंदियाच्या डॉक्टरनं फोटो काढला. म्हणाला, हे आजचं नाही, लय दिवसांचं आहे. मले विचारलं, पोरगी पळते कुठं? मी छाती फुगवून सांगतलं, आमच्या पाळीवर. तं म्हणाला, डांबरी रोडवर पळवली असती तरी एवढंच झालं असतं.

खरं आहे त्याचं. आपल्या आज्यानं ती पाळ मुरूम टाकून, वरून बैलं फिरवून चोपली, ते पाणी अडवाले. पोट्टीच्या पायासाठी थोडीच चोपली? जेवढी टणक तेवढा आपल्याले गर्व. हे ना माह्या डोक्यात आलं, ना तुझ्या वहिनीच्या, ना तुझ्या.

गुणवंता दारात येऊन बोलून गेला. "रोवण्यातून सोडवून नेली अन् लंगडी करून वापस देली." तुझ्या वहिनीनं उभं राहून सारं ऐकलं. तवापासून शाळेत जाते, हजेरी घेते, मैदानात नाही जात. तू लिही तिले. मले समजावता येत नाही.

तुझा दादा,
सुकराम


किंग्स्टन,
२ ऑक्टोबर २००१

वहिनी,

तू माझ्यापासून लपवलंस ते मला अजिबात आवडलं नाही. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं प्रेमानं लिहिता येईल.

पाळ मी सुचवली. एकाच पत्रात वर मिसेस ग्रँटचं गवत लिहिलं आणि खाली पाळ लिहिली, आणि दोन्ही एकमेकांशेजारी ठेवून बघितली नाहीत. हाडांचं शिक्षण घेतलेली बाई मी! आपली पाळ म्हटली की आपल्या माणसांचं डोकं चालायचं थांबतं. तेव्हा रडणं निम्मं निम्मं वाटून घेऊ आणि कामाला लागू.

हाड जुळतं. चौदा वर्षांच्या पोरीचं तर छान जुळतं, फक्त त्याला वेळ लागतो आणि तो कुणी देत नाही. डॉक्टर सांगतील तोपर्यंत पूर्ण आराम. मग चालणं. मग गवत, वाळू, कबड्डी, लंगडी, खो-खो, झाडावर चढणं, जे तिला आवडेल ते. स्पर्धा एकही नाही. पहिलं वर्ष नाही, दुसरंही नाही. लोक म्हणतील मॅडम घाबरली. म्हणू दे.

आणि गुणवंताजींच्या घरी तू जा. दादांना पाठवू नकोस.

आम्ही नव्या वर्षात हॉलंडला जातो आहोत, हिमांशुला तिथल्या दवाखान्यात जागा मिळाली. पत्ता मागे आहे.

तुझीच,
रीता


सौंदड,
१५ ऑगस्ट २००२

रीताबाई,

झेंडावंदन करून आले आणि लिहायला बसले. मी मैदानात परत आले आहे, हे तुला आधी कळायला हवं होतं, पण उन्हाळाभर हिंमत झाली नाही.

गुणवंताजींच्या घरी गेले होते. त्यांनी पाट दिला नाही, बस म्हटलं नाही. मी उभ्यानंच सांगितलं, चूक माझी. दोन वर्षं स्पर्धा नाही, आणि एवढं करून पोरगी तुम्ही माझ्याकडे पाठवायची. ते म्हणाले, "दोन साल पळवाचं नाही, तं पाठवाचं कायले?" मी म्हटलं, मोठी करायला. रुचिच्या आईनं, सुशिलाबाईंनी, आतून पाट आणून टाकला. तेव्हा मी बसले.

या साली ती रोवणीला गेली. मीच जा म्हटलं. गुडघाभर चिखलात उभी होती आणि मला बांधावर बघून ओरडली, "मॅडम, कबड्डी चालंल का?" चालेल म्हटलं. शाळेच्या कबड्डीत तिला पकडायला कुणी नाही. मैदानामागचं गवत मी कापू देत नाही, त्यावरून शिपायाशी रोज भांडण.

आमच्या मुख्याध्यापकांना मात्र सोसवत नाही. परवा म्हणाले, सतरा वर्षांखालच्या गटात ही पोरगी डोळे मिटून पदक आणेल, तुम्ही नाव का देत नाही? मी म्हटलं, सर, डोळे मिटूनच गेल्या वेळी पदकं आणली होती. गावात म्हणतात मॅडमची हवा गेली. जाऊ दे. माझी हवा गेली तर चालेल, पोरीचा पाय जायला नको.

शामकला


उट्रेख्त, हॉलंड,
६ मार्च २००५

प्रिय वहिनी,

रुचि राज्य स्पर्धेत परत पहिली आली आणि पाय ठणठणीत, हे वाचून मी स्वयंपाकघरात नाचले. हिमांशुनं दूध उतू जाताना बघितलं आणि गॅस बंद केला.

इथल्या क्लबात मी आता संध्याकाळी मदतीला जाते. वहिनी, तू बघितलंस तर कपाळावर हात मारून घेशील. चौदा वर्षांच्या पोरी आठवड्यातून दोनदा येतात, भाला फेकतात, अडथळे ओलांडतात, चिखलात लोळतात आणि तळलेले बटाटे खात घरी जातात. कोण पहिली आली ते त्यांच्या आयांनाही माहीत नसतं. आधी मला चीड यायची. जमैकात जिंकण्याची भूक बघितली होती, इथे नुसती सवड. पण पोरी मधेच सोडून जातात त्या दोन्हीकडे. मंत्र कुणाकडेच नाही, हे मी आता छातीठोक सांगते.

एक गोष्ट मात्र दोन्ही देशांत सारखी दिसली. ज्या मुली मोठेपणी धावतात त्यांचे गुरू सतरा-अठराच्या सुमारास बदलतात. लहानपणीची बाई तिला दुसऱ्याच्या हाती देते. मिसेस ग्रँटनंही तिची सगळ्यात चांगली पोरगी दिली होती, आणि आठ दिवस कुणाशी बोलली नव्हती.

रुचि अठराची होते आहे. मला काय म्हणायचं आहे ते तुला कळलंय. मलाही तुम्ही सगळ्यांनी वाढवलं आणि हिमांशुच्या घरी पाठवलंच की.

रीता


सौंदड,
२८ मार्च २००५

रीताबाई,

तुझं पत्र वाचून फाडलं. मग जोडलं, कारण दादा विचारतील रीतानं काय लिहिलं म्हणून.

पोरगी माझी आहे. सायकल स्टँडवरून मी तिला परत आणलं, शिव्या मी खाल्ल्या, दोन वर्षं गवत मी राखलं. आता पीक उभं झालं तर दुसऱ्याच्या हाती कोयता देऊ? काऊन? तू तिकडे बटाटे खा आणि शहाणपण तिथेच ठेव.

शामकला


सौंदड,
१९ जुलै २००६

रीताबाई,

सव्वा वर्ष रुसले, आता पुरे.

गेल्या वर्षभरात रुचि इंचभरही पुढे सरकली नाही. मी सगळं करून पाहिलं. जे मला येत होतं ते संपलं होतं, आणि ते मला तिच्या आधी कळलं होतं, पण बोलायची तीच बोलली. एका संध्याकाळी शेजारी बसून म्हणाली, "मॅडम, तुमच्यासंग पळाले मले लय चांगलं लागते. पण मी आता वाढून नाही राहिली." घरी येऊन मी भाजीत मीठ दोनदा टाकलं. दादांनी मुकाट्यानं खाल्ली.

विद्यापीठाच्या स्पर्धेत केरळचे एक प्रशिक्षक पाहिले होते. पोरींवर ओरडत नव्हते म्हणून लक्षात राहिले. त्यांना पत्र लिहिलं. त्यांनी बोलावलं. गुणवंताजी, रुचि आणि मी, तिघं गेलो. जाताना गाडीत गुणवंताजी एकसारखे पोरीला सांगत होते, "मॅडमनं सांगतलं तसं करजो," आणि मी खिडकीबाहेर बघत होते.

पहिल्या तासातच त्या माणसानं तिचा सुरुवातीचा पाय बदलला. सात वर्षं मी डावा पुढे ठेवला, त्यांनी उजवा ठेवला. तिसऱ्या खेपेला पोरगी अशी सुटली की मी कधी पाहिली नव्हती. मला राग आला आणि आनंदही झाला. राग आधी आला.

रुचिला तिथेच ठेवून येताना गोंदियापर्यंत मी ठीक होते. सौंदडची गाडी लागली आणि मग रडले. गुणवंताजींनी पाण्याची बाटली पुढे केली आणि म्हणाले, "मॅडम, पोट्टी मोठी झाली ना?" मी म्हटलं, हो.

तुझं खरं होतं. आता जास्त फुगू नकोस.

शामकला


सौंदड,
५ डिसेंबर २०१०

प्रिय रीताबाई,

फोनवर तुला निकाल सांगितला, तू ओरडलीस, हिमांशुरावही ओरडले. पण एक गोष्ट फोनवर सांगता आली नाही, आवाज दगा देतो. म्हणून कागद घेतला.

वरिष्ठ गटाची राष्ट्रीय स्पर्धा, दोनशे मीटर. माझी रुचि, तेवीस वर्षांची. तिच्या शेजारच्या लेनमध्ये, मागच्या लेनमध्ये, सगळीकडे मी ओळखीच्या पोरी शोधत होते. ज्यांनी तिला तेराव्या-चौदाव्या वर्षी हरवलं होतं, ज्यांची नावं मी तेव्हा घाबरून घ्यायचे, त्यातली एकही नव्हती. कुठे गेल्या असतील गं त्या सगळ्या? वळण संपलं तेव्हा रुचि तिसरी होती. मग ती नुसती पुढे येत गेली, घाई न करता, आणि रेषा तिनं पहिली ओलांडली. माझ्या शेजारच्या अनोळखी बाईला मी मिठी मारली.

बक्षीस देताना लाउडस्पीकरवर प्रशिक्षक म्हणून केरळच्या सरांचं नाव घेतलं. बरोबरच होतं. चार वर्षं त्यांनी घाम गाळला. तरी मला लागलं, रीताबाई. खोटं कशाला बोलू? टाळ्या मात्र वाजवल्या.

सगळं संपल्यावर ते सर मला शोधत वर प्रेक्षकांत आले. हिंदी त्यांची माझ्याहून वाईट. म्हणाले, "मैडम, मेरे पास लड़की अठारह साल में आता है। मेडल बहुत लाता है, पर अंदर से खतम। आपका लड़की साबुत आया था।"

मी म्हटलं, "नहीं सर, साबुत नहीं थी। चौदा की थी तब पाँव टूटा था। मेरे ही हाथ से।"

"मालूम है, रुचि बोला," ते म्हणाले. "फिर आप दो साल रुका। कोई नहीं रुकता, मैडम। उस टाइम मैं होता, तो मैं भी नहीं रुकता।"

मी नुसती मान हलवली. ते गेले आणि खालून रुचि पायऱ्या चढत आली, गळ्यात पदक, हातात बूट. माझ्याकडे बघून म्हणाली, "मॅडम, तुमी काऊन रडून राहिल्या? सर काय म्हणत होते?"

काही नाही म्हटलं, चाल, जेवून घेऊ.

तिला सांगितलं नाही. तुला सांगते आहे.

तुझी वहिनी,
शामकला